सरकी आमची, ढेप त्यांची, मग कोकरू कुणाचे?



परवा एका गावच्या बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने उठून विचारले, "भाऊ, या साली कापसाचं काही खरं नाही. बारा कोकरं घेतली आहेत, तीन महिने पोसून विकायची आहेत. सरकीची ढेप चारू, शेंगदाण्याची पेंड चारू, का सोयाची? सगळ्यांत चांगली कोणती ते एकदाचं सांगा."

प्रश्न साधा होता. मी बी.एस्सी. (ॲग्री.) झालेला माणूस. परीक्षेत हा प्रश्न आला असता तर पाच मिनिटांत उत्तर लिहून पाचापैकी पाच गुण घेतले असते. पण त्या बैठकीत मला तासभर लागला. हा प्रश्न पेंडीचा वाटतो, निम्मा हिशेबाचा आहे आणि उरलेला निम्मा आपल्या लुटीचा. तो तासभराचा हिशेब जिल्हा मेळाव्याला येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती पडावा म्हणून इथे मांडतो.

पुस्तकातले उत्तर

दूध तुटलेल्या कोकराला झपाट्याने वाढवायचे तर त्याच्या रोजच्या कोरड्या चाऱ्या-खुराकात १४ ते १६ टक्के प्रथिने लागतात. आपल्या ज्वारीच्या कडब्यात ती जेमतेम ३-४ टक्के असतात. ज्वारीच्या दाण्यात ९ टक्के धरा. म्हणजे कडबा आणि ज्वारी कितीही चारली तरी कोकरू मांस धरत नाही, पोट मात्र सुटते. उरलेली भर बाहेरून घालावी लागते. त्यासाठी बाजारात चार वस्तू आहेत. टरफलासकट गाळलेल्या सरकीच्या ढेपेत २२ टक्क्यांच्या आसपास प्रथिने, शेंगदाणा पेंडीत ४० ते ४५, तेल पूर्ण काढलेल्या सोया पेंडीत ४४ ते ४८ आणि तुरीच्या चुनीत १५-१६.

पुस्तक इथे थांबते आणि सांगते, सोया आणि शेंगदाणा चांगले, ढेप मध्यम, चुनी हलकी. पुस्तकाला भाव माहीत नसतो. शेतकऱ्याला भावाशिवाय दुसरे काही दिसत नाही, म्हणून तो सगळ्यांत स्वस्त पोते उचलतो. दोघेही चुकतात.

पहिला हिशेब: पोत्याचा नव्हे, प्रथिनाचा भाव

उदाहरणाला भाव धरू. ढेप ३६ रुपये किलो, शेंगदाणा पेंड ५४, सोया पेंड ४४, तूर चुनी २६. हे भाव मी समजुतीसाठी घेतले आहेत. तुमच्या तालुक्याचा आजचा भाव घाला आणि हिशेब पुन्हा करा, रीत तीच राहील.

३६ रुपयांच्या किलोभर ढेपेत प्रथिन मिळाले २२० ग्रॅम. म्हणजे प्रथिनाचा किलो पडला १६४ रुपयांना. शेंगदाणा पेंडीत तोच किलो १२९ रुपयांना, सोया पेंडीत ९८ रुपयांना. आणि जी चुनी सगळ्यांत स्वस्त म्हणून आपण डोक्यावर घेऊन येतो, तिच्यात प्रथिनाचा किलो १६२ रुपयांना! स्वस्त पोते हे असे महाग असते.

दुसरा हिशेब: घरच्या ज्वारीचा

पण थांबा. इथेच थांबून "ढेप बंद, सोया सुरू" असे सांगणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांनाही हिशेब पुरता कळलेला नाही. कोकरू नुसते प्रथिन खात नाही. पेंड आणि ज्वारीचा भरडा मिळून खुराक होतो. तेव्हा १७ टक्के प्रथिनांचा १०० किलो खुराक करायला काय लागते ते बघा.

ढेप घेतली तर ६१ किलोच्या वर ढेप आणि ३८ किलोच्या वर ज्वारी. शेंगदाणा पेंड घेतली तर २४ किलो पेंड आणि ७६ किलो ज्वारी. सोया घेतली तर २२ किलो पेंड आणि ७८ किलो ज्वारी. ज्वारी २५ रुपयांनी धरली तर ढेपेचा खुराक ३१७७ रुपयांना पडतो, शेंगदाण्याचा ३२०३ ला आणि सोयाचा २९२२ ला. म्हणजे प्रथिनाच्या भावात मागे पडलेली ढेप इथे शेंगदाण्याच्या पुढे गेली, कारण तिने महाग ज्वारीची जागा भरून काढली.

आता दुसरे साल बघा. कणसे भरली आणि पाऊस लागला. खरिपाची ज्वारी काळी पडली. व्यापारी तिला १८ रुपयांच्या वर हात लावत नाही. त्याच भावाने तिचा खुराक केला तर ढेपेचा २९०७, शेंगदाण्याचा २६७३ आणि सोयाचा २३७८. आता ढेप सगळ्यांत मागे गेली, तीही क्विंटलमागे सव्वापाचशे रुपयांनी! (वरवर काळी पडलेली ज्वारी चालते. आतून बुरसा धरलेली, कुबट वासाची ज्वारी जनावराला घालू नका. पैसे वाचतील, कोकरू जाईल.)

तेव्हा त्या तरुणाला मी सांगितले, "भाऊ, चांगली पेंड कोणती हे पेंडीवरून ठरत नाही. तुझ्या कणगीतली ज्वारी कोणत्या भावाची आहे त्यावरून ठरतं." हे कोणत्या पत्रकात छापलेले तुम्ही पाहिले आहे? छापणार कसे? पत्रक सगळ्या जिल्ह्याला एकच असते आणि ते छापणाऱ्याच्या घरी ज्वारी नसते.

तिसरे प्रथिन: पत्रकातले

आता मी स्वतःचे एक पाप सांगतो. ते सांगितल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

पदवी घेतल्यावर काही वर्षे मी एका कार्यालयात नोकरीला होतो. २००७ साल असेल. आमच्याकडे "स्वस्त प्रथिन" या नावाचे एक पत्रक आले. मजकूर असा की युरियात ४६ टक्के नत्र असते, नत्राला ६.२५ ने गुणले की प्रथिन निघते, म्हणजे युरियात २८७ टक्के प्रथिन! गणित बरोबर आहे. प्रयोगशाळा प्रथिन असेच मोजते, नत्र मोजून गुणाकार करते. ते पत्रक मी गावोगाव वाचून दाखवले.

पत्रकात न छापलेल्या गोष्टी अशा. युरिया कोकराला पचत नाही, त्याच्या मोठ्या पोटातले जंतू त्याचे प्रथिन करतात. ते जंतू दूध पिणाऱ्या कोकराच्या पोटात अजून पुरते तयार झालेले नसतात. जंतूंना सोबत दाण्याची ताकद लागते, ती नसेल तर युरियाचा अमोनिया होऊन रक्तात उतरतो. आणि युरिया पुरता विरघळवून, सगळीकडे सारखा मिसळून द्यावा लागतो. एक खडा राहिला तरी घात होतो.

एका विधवा बाईने माझे ऐकले. कोरड्या चुनीत मूठभर युरिया कालवला आणि दोन-दोन महिन्यांच्या सात कोकरांपुढे टोपले ठेवले. संध्याकाळी मला निरोप आला. मी पोचलो तेव्हा पाच मेली होती. पोट फुगलेले, तोंडाला फेस, पाय ताठ. बाई रडली नाही. तिने मला चहा दिला. दुसऱ्या दिवशी कार्यालयात कागद तयार झाला, "विषबाधा, कारण अज्ञात", आणि त्यावर सही माझी आहे. कारण अज्ञात नव्हते. कारण माझ्या पिशवीत होते, त्याच्या चाळीस प्रती शिल्लक होत्या.

नोकरी मी त्यानंतर दोन वर्षांनी सोडली. लगेच सोडली असे सांगितले तर खोटे होईल.

म्हणून सांगतो, कोकराच्या खुराकात युरिया घालू नका. आणि पोत्यावर "प्रथिन २४ टक्के" एवढेच लिहिलेले पाहून भुलू नका. त्यातले किती पेंडीचे आणि किती युरियाचे, हे विचारा. दुकानदार सांगत नसेल तर पोते तिथेच ठेवा.

सरकी जाते कुठे?

आता मूळ दुखण्याकडे येऊ. एक क्विंटल कापूस जिनमध्ये गेला की ३४ किलोच्या आसपास रुई निघते आणि ६४ किलोच्या आसपास सरकी. कापसाचा भाव आपण रुईवर बोलतो. सभेत, वर्तमानपत्रात, विधानसभेत चर्चा फक्त धाग्याच्या लांबीची. पण वजनाने दोन वाटे सरकी आहे! ती सरकी गाळली की क्विंटलमागे १० ते १२ किलो तेल आणि ८० किलोच्या वर ढेप निघते. म्हणजे ज्याने दहा क्विंटल कापूस घातला त्याने पाच क्विंटल ढेपही घातली. खाली दिलेल्या खुराकाने एका कोकराला शंभर दिवसांत नऊ किलो ढेप लागते. दहा क्विंटलवाला शेतकरी पन्नासाच्या वर कोकरांची ढेप गाडीत भरून देतो आणि पुढच्या महिन्यात त्याच गावच्या दुकानातून तीच ढेप पोत्याने विकत आणतो. मधली गाळाई, हमाली, वाहतूक, अडत आणि दोन नफे त्याच्याच खिशातून.

१९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली तेव्हाही सरकी आपली नव्हती. ती योजना गेली, खुला बाजार आला, तरी सरकी आपली झाली नाही. आज सरकी ढेपेचे वायदे होतात आणि त्याचे मुख्य केंद्र आपले अकोला आहे. अकोल्याच्या नावाने ढेपेचा उद्याचा भाव ठरतो, आणि अकोल्याच्या शेतकऱ्याला आपल्या कापसातल्या सरकीचा आजचा भाव माहीत नसतो!

"स्वस्त पेंड तर तुमच्याच फायद्याची"

असे म्हणणारे विद्वान भेटतात. २०२१ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेले. लगेच कोंबडीवाल्यांची ओरड झाली आणि त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन सोया पेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. तीही जनुक बदललेल्या सोयाबीनची, जे पेरायला आपल्याला बंदी आहे! नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव निम्म्याच्या आसपास उतरला. नवी आवक हेही एक कारण होते, ते मी नाकारत नाही. पण आवक दरवर्षी असते. डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदे बंद केले आणि सोया पेंडीवर साठ्याची मर्यादाही घातली.

विद्वान म्हणतात, पेंड उतरली तर तुमचे कोकरूही स्वस्तात पोसले जाईल. चला, हिशेब करू. एका कोकराला शंभर दिवसांत सोया पेंड लागते चार किलोच्या थोडी वर. किलोमागे वीस रुपये उतरले तर वाचले ८४ रुपये. दहा कोकरांमागे ८४० रुपये. आणि सोयाबीन क्विंटलमागे नुसते हजार रुपयांनी उतरले तर दहा क्विंटलवाल्याचे गेले दहा हजार. ८४० रुपये मिळवायला दहा हजार घालवणारा फायदा आम्हाला नको. स्वस्त पेंडीचा फायदा त्याला, जो पेंड टनाने घेतो आणि सोयाबीन एक दाणाही पिकवत नाही. आम्ही पिकवणारेही आहोत आणि चारणारेही. कोकराची भूक दाखवून आमच्या सोयाबीनचा गळा कापू नका.

डोळ्याचा काटा

समजा सगळे जमले. खुराक नीट केला, १५ किलोचे कोकरू शंभर दिवसांत रोज १०० ग्रॅमने वाढून २५ किलोचे झाले. नुसत्या चराईवर याच्या निम्म्याने वाढ होते. खुराक लागला ३५ किलो. किलोला ३१ रुपये धरले तर १०८५ रुपये. दहा किलो वजन वाढले, जिवंत वजनाला ३५० रुपये भाव धरला तर ३५०० रुपयांची वाढ. धंदा चांगला आहे.

मग आठवडी बाजार. व्यापारी येतो, पाठीवरून हात फिरवतो, कमरेत बोटे दाबतो, रुमालाखाली हात घालतो आणि म्हणतो, "बावीस किलोचा माल आहे." कोकरू २५ चे आहे. तीन किलो गेले. तीन किलोचे १०५० रुपये. म्हणजे शंभर दिवसांच्या खुराकाचा जवळजवळ सगळा पैसा त्या हात फिरवण्यात गेला! ढेप का सोया या भांडणात आपण क्विंटलमागे दोनशे-पाचशे वाचवतो, कोकरामागे सत्तर-पावणेदोनशे. आणि काट्याअभावी हजार घालवतो. कापूस काट्यावर, तूर काट्यावर, बाजारातली मेथीसुद्धा जुडीने मोजून. कोकरू तेवढे डोळ्याने का?

आणि जिथे चांगला भाव मिळण्याची वाट दिसते तिथे ती अडवली जाते. ३० जून २०१८ ला नागपूरहून शारजाला मेंढ्या-बोकडांचे विमान जाणार होते. विरोध झाला आणि विमान उडाले नाही. ज्यांनी विरोध केला त्यांच्या दारात कोकरू नव्हते आणि ज्यांच्या दारात होते त्यांना कुणी विचारले नाही.

मग करायचे काय?

आधी घरात करायचे ते. १०० किलो खुराकाला: ज्वारीचा भरडा ५० किलो, सरकी ढेप २५, सोया पेंड १२, तूर चुनी १०, खनिज मिश्रण २, मीठ १. यात १७ टक्के प्रथिने पडतात. नुसत्या सोयापेक्षा हा थोडा महाग आहे, हे मी लपवत नाही. पण शेंगदाणा पेंडीचे प्रथिन पोटात लवकर विरघळते, ढेपेचा काही भाग पुढच्या आतड्यात जाऊन थेट कामी येतो. एकाच पेंडीवर जुगार खेळू नये. ज्या साली ज्वारी काळी पडेल त्या साली ढेप कमी आणि सोया जास्त करा. शेंगदाणा पेंड घेतली तर बुरशी बघून घ्या, ओलसर पेंडीतली बुरशी विषारी असते.

१५ किलोच्या कोकराला दिवसाला हा खुराक ३०० ग्रॅम, पाल्यासकट तुरीचे कुटार २०० ग्रॅम आणि सुबाभळीचा किंवा शेवरीचा वाळवलेला पाला १०० ग्रॅम. एकूण प्रथिन साडेचौदा टक्क्यांच्या घरात जाते. वजन वाढेल तसा खुराक ४०० ग्रॅमवर न्या. पाल्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिन आहे आणि तो बांधावर फुकट आहे. फक्त सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर नको, तिच्यातल्या विषाने केस गळतात.

चार गोष्टी विसरू नका. तीन महिन्यांच्या आतल्या कोकराला ढेप किंवा सरकी नको, सरकीतले विष त्याला पचत नाही. खुराक एकदम नको, दहा-बारा दिवसांत चढवत न्या आणि त्याआधी आंत्रविषाराची लस टोचून घ्या. नर कोकराला खुराक जास्त झाला आणि चुना कमी पडला की मुतखडा होतो, म्हणून खनिज मिश्रणात चुन्याचा अंश बघा आणि पाणी भरपूर ठेवा. आणि ढेप घेताना मूठभर ढेप ग्लासभर पाण्यात ढवळा. तळाला वाळू बसली तर पोते परत करा.

आपल्या शेतात मेंढ्या बसवणाऱ्या धनगर भावांशीही बोला. वाटेवरच्या कळपात कोकराला खुराक घालता येत नाही, म्हणून त्यांना ते तिसऱ्या महिन्यात मातीमोल विकावे लागते. त्यांचे कोकरू, आपले कुटार-ज्वारी, वाढीचा निम्मा वाटा. यात मधल्या माणसाला जागाच उरत नाही.

आता घराबाहेर करायचे ते. येत्या जिल्हा मेळाव्यात तीन ठराव मांडायचे आहेत.

एक, बाजार समितीच्या प्रत्येक जनावर बाजारात काटा बसवा आणि मेंढी-बोकडाचा सौदा जिवंत वजनावर करा. आपल्या मालावर सेस घेतला जातो, काटा मागणे ही विनंती नाही.

दोन, ढेप आणि पशुखाद्याच्या प्रत्येक पोत्यावर प्रथिन, तंतू, वाळू आणि युरिया यांचे प्रमाण मराठीत छापा.

तीन, हा ठराव सरकारपुढे मांडायचा नाही, आपल्याचपुढे आहे. प्रत्येक तालुक्यात पाच-पंचवीस शेतकऱ्यांनी मिळून निदान एक गाडी कापूस मजुरी देऊन पिंजून घ्यावा. रुई विकावी, सरकी घरी आणावी. पहिल्या वर्षी तोटा झाला तरी चालेल, पण आपल्या कापसात सरकी किती आणि तिचे पैसे किती हे आपल्या डोळ्यांनी दिसेल.

बैठकीतल्या त्या तरुणाने शेवटी विचारले, "म्हणजे भाऊ, आधी पेंड घेऊ का काटा?"

मी म्हटले, काटा. चार घरांत मिळून एक टांगता काटा घ्या. कोकरू आणल्या दिवशी तोला, दर पंधरा दिवसांनी तोला, वहीत लिहा. पेंड चांगली का वाईट ते वही सांगेल, मला विचारायला यायला नको. आणि बाजारात व्यापारी बावीस म्हणाला की वही उघडा.

मेळाव्याला येताना ती वही घेऊन या.